आणि काय?

माझी जन्मतारीख १ जून १९६४. खरी कुठली ते आईलाही नीट सांगता आलं नाही. "मिरगाच्या आदी, पेरणीची घाई हुती," एवढंच ती सांगायची. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जनरल रजिस्टरात १ जून टाकून दिली. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, तो अशा गुरुजींच्या कृपेने. त्यामुळे आम्ही सगळे निवृत्तही एकाच दिवशी होतो. २०२२च्या ३१ मेला सभागृहात टेबलावर शालींचा ढीग होता, नारळांचं पोतं कोपऱ्यात टेकवलेलं होतं आणि आम्ही ओळीने बसलो होतो, मुलांना खाऊवाटपाला बसवतात तसे. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षकाने माझ्याबद्दल "शैक्षणिक नेतृत्व" असा शब्द वापरला. मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या शालीची किंमत चाचपत होत्या.

३८ वर्षं नोकरी झाली. त्यातली १४ वर्गात, उरलेली मोटारसायकलींच्या मागच्या सीटवर, एसटीत आणि शेवटी शेवटी जीपमध्ये. आधी केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी. या पंचवीसेक वर्षांत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर शेरे लिहिले.

शेरेबुक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड पुठ्ठ्याची लांबट वही असते. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचा दाखला, "या पुस्तकात १ ते १०० पाने आहेत", खाली सही-शिक्का. लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात ती राहते. साहेब आले की बाहेर निघते, टेबलावरच्या धुतलेल्या कापडावर ठेवली जाते, शेजारी पेन. मग चहा येतो. साहेब चहा पितात आणि लिहितात. सगळी शाळा त्या पेनाकडे पाहत असते.

माझ्या लहानपणी वाळवा तालुक्यातल्या आमच्या शाळेत तपासणीला येणाऱ्याला गावातली म्हातारी माणसं अजून "दिपोटी" म्हणत. इंग्रजांच्या वेळचा डेप्युटी तो. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग शेणाने सारवायचा, खिडक्यांना आंब्याचे डहाळे लावायचे, आणि कच्च्या पोरांना त्या दिवशी सुट्टी. गुरुजीच सांगायचे, "तू उद्या गुरं राख." माझा धाकटा चुलतभाऊ अशा तीन तपासण्यांना गुरं राखून होता. पुढे तोच मला विचारायचा, "ताई, तू गेलीस की कुणाला गुरामागं धाडत्यात?"

केंद्रप्रमुख हे पद १९९४ साली निघालं. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र, राज्यात ४,८६० केंद्रं. या माणसाने तपासणी करायची नाही, शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायचं, असा मूळ विचार. विचार चांगलाच होता. पण पाठीशी उभं राहणाऱ्याच्या हातातही शेरेबुकच दिलं.

मला बढती मिळाली १९९८ला, आणि नेमणूक जतला. सांगली जिल्ह्यात जतला बदली म्हणजे शिक्षाच, असं तेव्हा उघड बोललं जायचं. आमचा वाळवा कृष्णेच्या कुशीतला, नजर जाईल तिकडे ऊस. जत म्हणजे माळ, बाभळी, टँकर. सासूबाईंनी निघताना दोन कळशा बरोबर दिल्या, "तिकडं पाण्याला नंबर लावावा लागतो" म्हणून. त्या कळशा उपयोगी पडल्या, हे कबूल करते.

तालुक्याचा पूर्व भाग कर्नाटकाला चिकटलेला. घरात कानडी, बाजारात दोन्ही, सरकारी कागदावर मराठी. काही गावांत जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, जत शहरात उर्दूही आहे. पण मला पुढे जास्त छळलं ते तिसऱ्याच प्रकारच्या शाळांनी. नावाने मराठी माध्यमाच्या, आणि आत बसलेलं प्रत्येक मूल घरी कानडी बोलणारं. आमच्या प्रपत्रांत माध्यमाचा रकाना असतो, तो शाळेच्या माध्यमाचा. मुलाच्या घरच्या भाषेचा नसतो. तेव्हा ही मुलं कुठेच दिसायची नाहीत. "कन्नड माध्यम : निरंक" असं मी स्वतः कितीतरी महिने लिहून दिलंय. निरंक, म्हणजे काहीच नाही, हा आमच्या कार्यालयीन मराठीतला फार सोयीचा शब्द आहे.

अशाच एका वस्तीवरच्या शाळेत मी त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले. दोन खोल्या, दोन शिक्षक. खडू-फळा योजनेत १९८७ नंतर ज्या बांधल्या गेल्या त्यांतली असावी. मोठे गुरुजी रजेवर होते. धाकटे चोवीस-पंचवीस वर्षांचे, गडचिरोलीकडचे, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. घरी जायचं तर जाण्यातच दोन दिवस मोडायचे. पहिली ते चौथी चारही वर्ग त्या दिवशी एका खोलीत, त्यांच्यासमोर.

मी चित्रांचा तक्ता मागवला. दुसरीतला एक मुलगा उभा केला. निळी चड्डी, बटणाच्या जागी सेफ्टी पिन. हत्तीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

मुलगा म्हणाला, "आनी."

"हां, आणि? आणि काय?"

तो गोंधळला. मग हळू आवाजात पुन्हा, "आनी."

"अरे, आणि काय? पुढं बोल की!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग तक्त्याकडे, मग गुरुजींकडे. आणि खाली बसला. दुसऱ्या मुलीला उठवलं, तिनेही तेच. तिसऱ्याला विचारायच्या आत सगळा वर्ग गप्प झाला होता. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी पाहिलं की त्यांच्या टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांची टिपणं काढायच्या वहीच्या, मागच्या पानावर पेन्सिलीने काहीबाही लिहिलंय. "बा – ये. कुंद्रु – बस. नीरु – पाणी." असे पंचवीसेक शब्द. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "असंच, मॅडम."

शेरेबुकात मी लाल शाईने लिहिलं : "मुले अपूर्ण उत्तरे देतात. भाषिक विकास असमाधानकारक. टाचणवहीत अवांतर मजकूर लिहू नये. शिक्षकाने लक्ष द्यावे." सही केली, चहा संपवला.

शेरा लिहिणाऱ्याला वाटतं आपण लिहिलं आणि झालं. तो वर जातो. वरून नोटीस निघाली, खुलासा मागवला गेला, गोपनीय अहवालात ओळ पडली. दोन-तीन वर्षांनी ते गुरुजी आंतरजिल्हा बदलीने आपल्या मुलखात निघून गेले. मला निरोपाचं पत्रकही आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

२००४च्या उन्हाळ्यात मी एका फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होते. गुड्डापूरच्या रस्त्याने एक साधू हत्ती घेऊन आला. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात घंटा. वस्तीतली पोरं कुठून कुठून धावत सुटली. "आनी बंतु! आनी बंतु!" एक बाई कडेवरच्या तान्ह्याला बोटाने दाखवत होती, "आनी, आनी."

शेजारच्या टपरीवाल्याला मी विचारलं, पोरं काय ओरडताहेत? तो म्हणाला, "हत्ती आला म्हणत्यात, मॅडम. आनी म्हंजी हत्ती."

एसटी आली तेव्हा मी चढले नाही. पुढची दोन तासांनी होती.

त्या मुलांनी बरोबर उत्तर दिलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. आणि त्या पोराने दुसऱ्यांदा हळू आवाजात सांगितलं होतं, कारण बाईंना एवढं सोपं कळत नाही याची त्यालाच लाज वाटली असणार. सहा वर्षं मी त्या भागात हिंडत होते. पाणी, बस, ये यापलीकडचा एक कानडी शब्द मला येत नव्हता. एक पोरसवदा मास्तर टाचणवहीच्या मागच्या पानावर ते शिकत होता, तर मी ते "अवांतर" म्हणून खोडलं होतं.

त्यानंतर मी एकदम सुधारले, असं मुळीच झालं नाही. कानडी मला आजही बाजारापुरतीच येते. पण भेटीला गेल्यावर आधी वर्गात न जाता मुलं बाहेर खेळत असतील तिथे थोडा वेळ उभी राहायची सवय लावून घेतली. वर्गात मुकी असलेली मुलं पटांगणात भांडताना काय अस्खलित असतात!

उर्दू शाळेतली गंमत वेगळी. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे आपा म्हणत. माझ्या पहिल्याच भेटीत मी एका मुलाची वही उघडली, दोन-चार पानं कोरी. लगेच लाल पेन काढून लिहिलं, "सुरुवातीची पाने कोरी का सोडली?" आपांनी वही हातात घेतली, शांतपणे उलटी केली आणि माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, तुम्ही लिहिलंय ते शेवटचं पान आहे." मुलांनी हसू दाबलं. आपांनी नाही दाबलं, त्या मोकळ्या हसल्या, आणि मीही. मग दर भेटीत दहा मिनिटं चौथीतली एक मुलगी मला अलिफ, बे, पे शिकवायची. शब्दाच्या सुरुवातीला माझ्या 'बे'चा नुक्ता नेहमी वर जायचा आणि त्याचा 'नून' होऊन बसायचा. ती मान हलवून माझ्याच पेनाने लाल काट मारायची. चूक लाल शाईत पाहण्याचा अनुभव मला पन्नाशीच्या तोंडावर मिळाला.

बालभारतीची पुस्तकं मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी अशा भाषांतही निघतात याचं मला फार कौतुक आहे, हे इथे सांगून ठेवते. पण पुस्तक मुलाच्या भाषेत असलं तरी तपासायला येणारी माझ्यासारखी असते, हेही तितकंच खरं.

धनगरवस्त्यांवर जायला मला आवडायचं. माडग्याळी मेंढी आमच्या तालुक्याची शान, पोपटासारखं बाकदार नाक आणि ऐट अशी की चांगल्या नराची किंमत लाखांत जाते. दिवाळी झाली की कळप खाली पाणथळ मुलखाकडे निघतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आणि वर्गातली पाच-सहा मुलं बिऱ्हाडाबरोबर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात.

२०११च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवस सगळी यंत्रणा मुलं मोजत होती. एका शाळेत मोजलेलं मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा उभं करू नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई. पटावर लाखो मुलं फक्त कागदावरच असल्याचं त्यातून बाहेर आलं. ते व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझं दुमत नाही. एका वस्तीवर मी शाई लावत होते. तिसरीतला एक धनगराचा पोरगा बोट पुढे करून म्हणाला, "बाई, आमच्या मेंढरास्नी बी आसाच रंग लावत्यात, बाजारात."

मी हसून विचारलं, "किती मेंढरं आहेत तुमची?"

"ठाव न्हाई."

"मोजत नाही तुम्ही?"

"मोजाय कशाला? तोंडं ठाव हायती की."

त्या शाळेत पटावर २१ मुलं होती आणि वर्गात २४. जादा तिघं सीमेपलीकडून मावशीकडे राहायला आलेली, भावंडांबरोबर येऊन बसत होती, खिचडी खात होती, पाढे म्हणत होती. पटापेक्षा कमी मुलं निघाली तर काय करायचं याच्या सूचना भरपूर होत्या. जास्त निघाली तर काय, हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांच्या बोटांना मी शाई लावली, कारण ती बोटं पुढे करून उभी होती. प्रपत्रात २१ लिहिलं.

मधल्या काळात बरंच येऊन गेलं. ३,००० रुपयांवर राबणारे शिक्षणसेवक आले, शिक्षण हक्क कायदा आला, शाळांची माहिती संगणकावर भरायचं सरल आलं. कुमठे बीटची, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाची, कीर्ती ऐकून आम्हीही जीप भरून साताऱ्याकडे गेलो, जमिनीवर रंगवलेली अक्षरं पाहून आलो, आणि परतल्यावर काहींनी नुसत्या फरश्या रंगवल्या, काहींनी खरंच मुलांना हात लावू दिला. पुढे कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिळवायची लाट आली. एक किलोमीटर म्हणजे नकाशावर एक किलोमीटर. मधला ओढा नकाशात निळ्या रेषेएवढा असतो, आणि ऑगस्टात त्याला पाणी आलं की सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्याएवढा. अशा दोन शाळांबद्दल मी लांबलचक टिपणं लिहिली. एक वाचली. दुसरीचं कुलूप मी स्वतः लावलं.

ऊसतोडीबद्दल मात्र मला थांबून सांगितलं पाहिजे. दिवाळी सरली की मुकादम उचल देऊन गेलेला असतो, टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मी ज्या हिरव्यागार मुलखातून जतला आले, तिथला ऊस तोडायला जतमधली माणसं जायची, हे कळायलाही मला दोन हंगाम लागले. माहेरी लहानपणी कोप्यांतली पोरं बांधावर बसलेली दिसायची, ती कुठल्या शाळेची असतील हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

एका डिसेंबरात गेले तेव्हा वर्गाच्या खिडकीच्या गजाला लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत वर्षा-दीड वर्षाचं पोर झोपलेलं. खाली तिसरीतली बहीण, एका हाताने गणितं सोडवतेय आणि दुसऱ्या हातात झोळीची दोरी. दोरी ओढायची, एक बेरीज, दोरी ओढायची, हातचा एक. तान्हं आजारी म्हणून आई त्याला मागे ठेवून कारखान्यावर गेली होती. आजीला दिसत नव्हतं. वर्गशिक्षिका माझ्याकडे अपराध्यासारख्या पाहत होत्या. त्यांनीच घरून लुगडं आणलं होतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आम्ही हे प्रशिक्षणांत अभिमानाने सांगतो. त्या दिवशी शेरेबुक समोर घेऊन बसले तेव्हा मनात आलं, महाराज आज असते तर हा रुपया कुणाकडून घेतला असता? बापाकडून, मुकादमाकडून, की माझ्याकडून?

नियमाने लिहायला हवं होतं, "वर्गात झोळी बांधलेली आढळली." मी चहा दोनदा घेतला. मग लिहिलं, "पाण्याच्या टाकीला झाकण नाही. त्वरित बसवावे." तेवढंच. टाकीचं झाकण पुढच्या भेटीपर्यंत खरंच बसलं होतं. माझ्या आयुष्यात अंमलबजावणी झालेल्या शेऱ्यांची यादी केली तर त्यात झाकणं, कड्या, मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं आणि एक हापसा, एवढंच निघेल. "भाषिक विकास" वगैरे जे जे लिहिलं त्याचं काय झालं ते मी वर सांगितलंच.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत, २०२२च्या नोव्हेंबरात, जत एकदम टीव्हीवर आलं. कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्काची भाषा केली. दहा वर्षांपूर्वी पाण्यासाठी वैतागून केलेले ठराव पुन्हा वर काढले गेले. पुण्याहून भाचीचा फोन, "मावशी, तुमच्याकडची माणसं खरंच तिकडे जाणार का गं?" तिला काय सांगणार? ज्या घरांत मी जेवले त्या घरांत आजी कानडीत रागवायची आणि नातू मराठीत उलट बोलायचा. वादात त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी आधी टँकर कधी येणार ते विचारलं असतं.

त्याच दिवसांत, बातम्या पाहता पाहता, मला ते गडचिरोलीचे गुरुजी आठवले. म्हणजे विसरले कधीच नव्हते. शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर मिळवला. दोन दिवस तो नुसता समोर ठेवला. मग लावला.

आवाज जाड झाला होता. नाव सांगितल्यावर क्षणभर शांतता, मग "मॅडम, तुम्ही?" मी इकडचं तिकडचं न बोलता फाट्यावरच्या हत्तीची गोष्ट सांगितली, शेऱ्याची सांगितली, आणि चुकलं म्हटलं. ते म्हणाले, "मला तर तेव्हाच माहीत होतं, मॅडम. दिवाळीनंतर मला आनी येत होतं. पण तुम्ही लिहायला लागला होता." मग थोडं थांबून, "खुलासा तीन प्रतींत द्यावा लागला होता. कार्बन नव्हता. तीनदा हाताने लिहिला."

मी गप्प राहिले. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्यांनीच विषय बदलला. आता मुख्याध्यापक आहेत. शाळेतली मुलं गोंडी बोलणारी. त्यांची स्वतःची भाषा ती नव्हे, पण जतपेक्षा लवकर जमली म्हणाले, कारण काही शब्द ऐकल्यासारखे वाटायचे. "आणि मॅडम, मागच्या वर्षी आमच्या जिल्ह्यात खरोखरचे हत्ती आले. छत्तीसगडातून, रानहत्ती, अख्खा कळप. दुसरीतली पोरं दप्तर टाकून मला सांगायला आली. इकडे हत्तीला काय म्हणतात माहितीये? एनी."

"एनी?"

"एनी. तिकडे आनी, इकडे एनी."

"आणि काय?" मी विचारलं.

ते हसले असावेत, नीट ऐकू आलं नाही. मग कळपात पिल्लं किती होती, धानाचं किती नुकसान झालं, कुठल्या पोराने त्याचं कसलं चित्र काढलं, असं बराच वेळ सांगत राहिले. मधे मधे रेंज जात होती.